विश्लेषण : घर घेण्याआधी ते तपासणार कोण, आणि खर्च किती?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. हा महामार्ग मंगरूळपीर तालुक्यातून जातो आणि शेलूबाजारजवळ त्याला इंटरचेंज आहे. गावातले जुने घर विकून शहरालगतच्या ले-आऊटमध्ये नवे घर घेणे, प्लॉट घेऊन बांधकाम करणे किंवा कोणीतरी बांधलेले तयार घर विकत घेणे, असे तीन पर्याय तालुक्यातील कुटुंबासमोर असतात. तिन्ही व्यवहारांत सातबारा, आखीव पत्रिका, अकृषिक आदेश, कर पावती असे कागद बारकाईने पाहिले जातात. घर मात्र एका फेरीत, बहुधा दलालाच्या सोबतीने आणि दिवसाउजेडी पाहून पसंत होते. आयुष्यभराची पुंजी ज्या भिंतींवर लागते, त्या भिंती तपासणारा माणूस व्यवहारात नसतोच. तो कुठे मिळतो, त्याची पात्रता कशी ओळखायची आणि त्याला किती पैसे द्यायचे, याविषयी…

घर तपासणी म्हणजे नेमके काय?

घराच्या भौतिक अवस्थेची, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराने केलेली पाहणी आणि त्यावरचा लेखी अहवाल म्हणजे घर तपासणी. त्यात पाया, कॉलम, बीम, स्लॅब, भिंतींच्या भेगा, गच्चीची गळती, ओल, दारे-खिडक्या, नळजोडणी, सांडपाणी, सेप्टिक टँक, विजेची वायरिंग आणि अर्थिंग यांचा समावेश होतो. अमेरिकेत घर खरेदीआधी अशी तपासणी हा व्यवहाराचा नेहमीचा भाग आहे. तेथील तपासनीसांची ‘आशी’ ही संघटना १९७६ पासून काम करते आणि अनेक राज्यांत या व्यवसायाला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये ‘रिक्स’ या संस्थेने तपासणीच्या तीन पातळ्या ठरवून दिल्या आहेत. साध्या घरासाठी पहिली आणि जुन्या किंवा गुंतागुंतीच्या घरासाठी तिसरी. भारतात मुंबई, पुणे, बंगळुरूसारख्या शहरांत अशा सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी हे काम स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्यावे लागते.

बँकेने मूल्यांकन केले, मग वेगळी तपासणी कशाला?

गृहकर्जाच्या वेळी बँकेचा मूल्यांकनकार घराला भेट देतो, म्हणून अनेक खरेदीदार निर्धास्त होतात. पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. कर्ज बुडाले तर हे घर विकून किती रक्कम वसूल होईल, हे मूल्यांकनकार पाहतो. त्यासाठी तो क्षेत्रफळ, परिसरातील दर, बांधकामाचे वय आणि मंजूर नकाशा तपासतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीत ओल का आहे किंवा स्लॅबमधील सळईला गंज चढला आहे का, हे शोधणे हे त्याचे काम नाही. शिवाय त्याचे शुल्क कर्जदाराच्या खिशातून गेले तरी अहवाल बँकेसाठी असतो. वकिलाचा शोध अहवालही मालकी हक्काबद्दलच बोलतो. घराच्या प्रकृतीबद्दल बोलणारा कागद खरेदीदाराला स्वतः मागवावा लागतो.

मंगरूळपीरच्या काळ्या मातीत काय वेगळे?

कापसाला आणि सोयाबीनला साथ देणारी काळी माती घराच्या पायाला मात्र त्रास देते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतात मे महिन्यात पडणाऱ्या भेगा हे त्याचेच रूप. फुगताना माती पाया वर ढकलते, आक्रसताना त्याचा आधार काढून घेते. संपूर्ण घर एकसारखे वर-खाली झाले तर नुकसान कमी होते. पण एका कोपऱ्याखाली सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा झिरपत असेल आणि दुसरा कोपरा कोरडा असेल, तर घर वेडेवाकडे खचते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा निघतात, दारे चौकटीत अडकू लागतात आणि फरशी मध्येच उचलली जाते.

यावर उपाय आहेत. काळी माती काढून पाया खालच्या मुरुमावर किंवा खडकावर टेकवणे, सर्व कॉलम प्लिंथ बीमने बांधणे, घराभोवती पाणी मुरू नये म्हणून उतार देऊन फरसबंदी करणे हे नेहमीचे उपाय. मातीचा थर खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. त्यांच्यासाठी आयएस २९११ चा भाग ३ हे मानक आहे. म्हणून या भागात तपासणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच : पाया किती खोल आहे आणि तो कशावर टेकला आहे? विक्रेत्याकडे पाया भरतानाचे फोटो किंवा स्ट्रक्चरल नकाशा असेल तर उत्तर सोपे होते. नसेल तर पायालगत एक छोटा खड्डा घेऊन पाहावे लागते.

जुन्या धाब्याच्या किंवा कवेलूच्या घरांत प्रश्न निराळे असतात. तेथे लाकडी सऱ्यांना लागलेली उधई, मातीच्या भिंतीत चढलेली ओल आणि भिंतीच्या पायथ्याशी लागलेला लोणा आधी पाहिला जातो. अशा घरावर पुढे स्लॅब टाकण्याचा विचार असेल, तर जुन्या भिंती तो भार पेलणार नाहीत, हे गृहीत धरूनच खर्चाचा हिशेब करावा लागतो.

घर नवे असेल तर तपासणी लागते का?

या प्रश्नाचे उत्तर रायगड जिल्ह्यातील महाडने दिले आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी तेथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. इमारत जेमतेम दहा वर्षांच्या आतली होती. या प्रकरणी बांधकाम व्यावसायिकाबरोबरच वास्तुविशारद आणि बांधकाम सल्लागारावरही गुन्हा दाखल झाला. महाड हेही मंगरूळपीरसारखे नगरपरिषदेचे शहर. इमारतीचे वय कमी असणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही, हे या घटनेतून दिसले. रंग ताजा असतो तेव्हा उलट भेगा झाकलेल्या असण्याची शक्यता अधिक. विक्रीच्या तोंडावर एखाद्याच भिंतीला नवा रंग दिला असेल, तर तीच भिंत आधी तपासावी.

जुन्या इमारतींसाठी नियमांत तरतूद आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. पण स्वतंत्र घरे, रो-हाऊस किंवा संस्थाच न झालेल्या छोट्या इमारती या चौकटीत बसत नाहीत. तालुक्याच्या शहरात बहुसंख्य व्यवहार याच प्रकारचे असतात.

तपासनीसाला परवाना लागतो का?

भारतात ‘गृह तपासनीस’ नावाचा परवाना नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. त्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. स्थापत्य अभियंत्यांसाठी मात्र देशपातळीवर असा कायदा नाही. ‘चार्टर्ड इंजिनीअर’ ही इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स या संस्थेची मान्यता आहे, सरकारी परवाना नव्हे. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरील पदवीपेक्षा पुढील गोष्टी तपासणे अधिक उपयोगी ठरते.

एक, नोंदणी. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि पर्यवेक्षक यांच्या पात्रता व जबाबदाऱ्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. नगरपरिषदेकडे नोंद असलेल्यांची नावे बांधकाम विभागात विचारता येतात. दोन मजल्यांचे घर, आधी दिसलेल्या मोठ्या भेगा किंवा वर मजला चढवण्याचा बेत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरच हवा.

दोन, हितसंबंध. तपासणारा दलालाने सुचवलेला, विक्रेत्याच्या नात्यातला किंवा त्याच घराचा नकाशा काढणारा नसावा. तपासून झाल्यावर ‘दुरुस्तीही मीच करून देतो’ म्हणणाऱ्याचा अहवाल सावधपणे वाचावा. दोष जितका मोठा तितके त्याचे काम मोठे, असे गणित तेथे तयार होते. छोट्या शहरात सगळेच एकमेकांना ओळखतात. त्यामुळे वाशिम, कारंजा किंवा अकोल्याचा अभियंता बोलावणे थोडे महाग पडले तरी फायद्याचे ठरू शकते.

तीन, नमुना अहवाल. आधीच्या एखाद्या कामाचा अहवाल, मालकाचे नाव झाकून, दाखवायला सांगावे. फोटो, मोजमापे आणि शिफारशी असलेला दहा पानांचा अहवाल आणि ‘घर सुस्थितीत आहे’ एवढेच लिहिलेले एक पान, यातला फरक कोणालाही कळतो.

चार, अनुभव कोणत्या मातीतला. मोठ्या शहरातील टॉवर तपासणाऱ्यापेक्षा काळ्या मातीवरची दुमजली घरे बांधलेला अभियंता येथे अधिक कामाचा.

अनुभवी मिस्त्री सोबत न्यावा का? जरूर न्यावा. प्लास्टर ठोकून पोकळ जागा ओळखणे, दुरुस्तीचा खर्च सांगणे यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण सळई किती, भार किती आणि भेग थांबलेली की वाढती, याचा निर्णय अभियंत्यानेच सही करून द्यायला हवा.

खर्च कशावर ठरतो?

सरकारने ठरवलेला दर नाही. महानगरांतील कंपन्या चौरस फुटांवर किंवा बीएचकेवर दर लावतात. तालुक्यात अभियंता बहुधा भेटीचे एकठोक पैसे सांगतो. रक्कम ऐकण्याआधी तिचे पाच भाग वेगळे करून घ्यावेत : पाहणीचे शुल्क, प्रवास, लेखी अहवाल, उपकरणांच्या चाचण्या आणि पुन्हा भेट. अनेकदा तोंडी सांगितलेल्या रकमेत अहवाल धरलेला नसतो आणि नंतर त्याचे वेगळे पैसे मागितले जातात. अभियंता जीएसटी नोंदणीकृत असेल तर या सेवेवर १८ टक्के कर लागतो. म्हणजे १० हजार रुपयांचे काम ११,८०० रुपयांना पडते. सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीचे बंधन नसते. त्यामुळे कर मागणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक असलेले बिल मागावे.

कोणती चाचणी कधी करावी?

खर्च फुगतो तो चाचण्यांमुळे. प्रत्येक घराला प्रत्येक चाचणी लागत नाही. आधी डोळ्यांनी पाहणी, तिच्यात संशय आला तरच उपकरण, हा क्रम योग्य.

रिबाउंड हॅमर ही सर्वांत साधी चाचणी. काँक्रीटवर दांडा आदळून तो किती उसळतो, यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. मात्र त्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडे-तिकडे फरक पडू शकतो, असे भारतीय मानकातच म्हटले होते. केवळ या आकड्यावर घर पास किंवा नापास करणे चूक. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून वेग मोजतात. वेग सेकंदाला ४.५ किलोमीटरहून अधिक असेल तर काँक्रीट उत्कृष्ट, ३ किलोमीटरच्या खाली असेल तर आत पोकळी किंवा भेगा असल्याचा संशय. सळई गंजण्याची शक्यता पाहण्यासाठी काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी झाले तर काँक्रीट अजून सळईचे रक्षण करते आहे, रंग आला नाही तर ते संरक्षण संपले आहे. काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहणे ही सर्वांत खात्रीची, पण महाग आणि स्लॅबला भोक पाडणारी चाचणी. ती शेवटचा उपाय म्हणून ठेवावी.

अशा चाचण्यांसाठी नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्था किंवा अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्याकडे चौकशी करता येते. पण एका घरासाठी तिथून पथक येण्याचा प्रवासखर्चच चाचणीपेक्षा जास्त होऊ शकतो. चार-पाच मालकांनी मिळून एकाच दिवशी काम काढले तर तो विभागला जातो.

भेगांबाबत ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी उपयोगी आहे. १ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा रंगकामात मिटणाऱ्या, ५ मिलिमीटरपर्यंत किरकोळ, ५ ते १५ मध्यम आणि १५ च्या पुढे गंभीर. रुंदीपेक्षाही भेग वाढते आहे का, हे महत्त्वाचे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवली की काही आठवड्यांत उत्तर मिळते. भेग हलली तर पट्टी तडकते.

हा खर्च परवडतो का?

उदाहरण म्हणून एक हिशेब. घराची किंमत २५ लाख रुपये आणि तपासणीचा सगळा खर्च १० हजार रुपये धरला, तर तो किमतीच्या ०.४ टक्के होतो. याच व्यवहारात नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २५ हजार रुपये भरावी लागते. मुद्रांक शुल्क आणखी वेगळे. आता समजा, दहापैकी एकाच घरात मोठा दोष निघतो आणि त्याच्या दुरुस्तीला दीड लाख रुपये लागतात. प्रत्येक खरेदीदाराच्या वाट्याला सरासरी १५ हजार रुपयांची जोखीम येते. १० हजारांची तपासणी त्याहून स्वस्त. घर जुने असेल, सेप्टिक टँक भिंतीला खेटून असेल किंवा मालक पायाबद्दल काहीच सांगू शकत नसेल, तर जोखीम आणखी वाढते आणि हिशेब तपासणीच्या बाजूने आणखी झुकतो. उलट घर दोन लाखांचे आणि पाडूनच नवे बांधायचे असेल, तर हे पैसे माती परीक्षणावर खर्च करावेत.

स्वतः बांधकाम करणाऱ्यांनी काय करावे?

प्लॉट घेऊन बांधणाऱ्याला घर झाल्यावर तपासणी करून फारसा उपयोग नाही. काँक्रीट ओतले की सळई दिसत नाही. त्यामुळे अभियंत्याला चार वेळा बोलवावे : पायाचा खड्डा खोदल्यावर, प्लिंथ बीम ओतण्याआधी, प्रत्येक स्लॅब ओतण्याआधी आणि प्लास्टरआधी. आयएस ४५६ : २००० नुसार सळईवर काँक्रीटचे किमान आवरण स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर लागते. सळईखाली दगडाच्या कपच्या न ठेवता कव्हर ब्लॉक ठेवले आहेत का, हे मालकालाही पाहता येते. स्लॅबच्या दिवशी १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासले की काँक्रीटचा लेखी पुरावा हातात राहतो. ठेकेदाराशी करार करतानाच प्रत्येक हप्ता या भेटीनंतरच मिळेल, असे लिहिले तर वाद टळतात.

दोष निघाला तर?

तपासणीचा खरा उपयोग इसार देण्याआधी किंवा इसारचिठ्ठीत अट घालून होतो. ‘अभियंत्याच्या तपासणीत संरचनात्मक दोष आढळल्यास इसार परत मिळेल’ असे एक वाक्य वकिलाकडून लिहून घ्यावे. विक्रेता तपासणीलाच नकार देत असेल, तर तेही एक उत्तरच असते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. म्हणून जुनी गळती, खचणे, दुरुस्ती याविषयीचे प्रश्न व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी विचारावेत. उत्तर नोंदीत राहते. नव्या प्रकल्पात रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला संरचनात्मक किंवा कामाच्या दर्जाचा दोष प्रवर्तकाने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. तालुक्यातील अनेक छोटी कामे त्याच मर्यादेत येतात. तेथे दोष दुरुस्तीची हमी करारातच लिहून घेणे आवश्यक. बांधकाम सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही. तपासणी अहवाल तेव्हा पुरावा म्हणून कामी येतो. त्यासाठी त्यावर तारीख, सही, नोंदणी क्रमांक, फोटो आणि तपासता न आलेल्या भागांची स्पष्ट नोंद असावी.

अभियंत्याआधी स्वतः काय पाहावे?

घर दोनदा पाहावे. एकदा मुसळधार पावसानंतर आणि एकदा कोरड्या दिवसांत. पावसात गळती आणि अंगणातले साचलेले पाणी दिसते, उन्हाळ्यात मातीने ओढलेल्या भेगा उघड्या पडतात. पाऊस नसेल तर गच्चीवर बांध घालून २४ तास पाणी साठवून खालचा स्लॅब पाहण्याची परवानगी मागावी. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब आणि निचरा पाहावा. फरशीवर नाणे वाजवून पोकळ आवाज ऐकावा. कपाटामागची, जिन्याखालची आणि माळ्यावरची भिंत हाताने चाचपावी. दार अर्धे उघडून सोडावे. ते आपोआप सरकले तर चौकट ओळंब्यात नाही. वीज मंडळाच्या मीटरजवळ अर्थिंगचा खड्डा आणि पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे विचारावे. शेजाऱ्याला एकच प्रश्न करावा : तुमच्या घराला पावसाळ्यात भेगा पडतात का? माती दोघांची एकच असते. या पाहणीला पैसे लागत नाहीत आणि अभियंत्याने नेमके कुठे पाहायचे, हेही तिच्यातूनच ठरते.